मंगल कार्यालयाच्या गेटवर बसवलेले पंखवाले पोट्टे नेमके कोण?

सोयाबीनवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा वेगळा आहे, पण गावात त्यावरून दोन गट पडलेत, म्हणून इथे टाकतो.

दारव्ह्याच्या अलीकडे आमचं गाव. रस्त्याला लागून मोठ्या काकांचं तुरीचं वावर होतं, तिथे त्यांनी यंदा लॉन काढलंय. हॉल, स्टेज, समोर कारंजं, सगळं झ्याक. उद्घाटन तुळशीच्या लग्नानंतर. काका नागपूरला गेले आणि सजावटीच्या सामानात फायबरची पंखवाली बाळं घेऊन आले. दोन गेटच्या खांबांवर, चार कारंज्याभोवती. पांढरीशुभ्र, गाल फुगलेले, पोटाला वळ्या, पंख सोनेरी आणि अंगावर सुताचा धागा नाही.

फोटो गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला अन् सुरू झालं. एक दादा म्हणतात, हे चर्चमधलं आहे, आपल्या लग्नाच्या दारात कायले? दुसरे म्हणतात, हा तर कामदेव, लग्नात तोच पाहिजे. शेजारच्या आजीनं व्हॉइस मेसेज टाकला : "लेकरायले चड्ड्या तरी घाला बाप्पा, हिव वाजत असंन." काका वैतागून म्हणतात, "कॅटलॉगात बरे दिसले, म्या घेतले. पैसे मोजले हायेत."

घरात एमए झालेला मीच, म्हणून उत्तर द्यायचं काम माझ्या गळ्यात आलंय. तर हे नेमके कोण? देव, देवदूत, कामदेव की नुसती शोभा? आणि लग्नाच्या जागी ठेवायला काही हरकत?

वांग्याचं_भरीत

चड्ड्या घालाच. मग चड्डीच्या रंगावरून भांडता येईल. सोयाबीन काढून झालं की गावाला दुसरं काम काय हाय?

कापूसकोंड्या

+१. रंग ठरवायला विशेष ग्रामसभा बोलवा.

मोहफूल

सोयाबीनवाला, तुमच्या काकांनी आणले त्यांना कलेच्या इतिहासात 'पुत्तो' म्हणतात, अनेक असले की 'पुत्ती'. शब्द इटालियन आहे. लोक सरसकट चेरब म्हणतात, पण बायबलमधला चेरब हे वेगळंच प्रकरण आहे. ते इथले जाणकार सांगतील, मी चित्रांपुरतं बोलतो.

या पोरांचं मूळ ग्रीकांचा प्रेमाचा देव इरॉस याच्यामध्ये, म्हणजे रोमन लोकांच्या क्युपिडमध्ये आहे. इरॉस आधी चांगला उंचापुरा तरुण होता. शतकं जातील तसं त्याचं वय उतरत गेलं आणि रोमन काळापर्यंत तो गुबगुबीत लेकरू झाला. तोही एकटा नाही, त्याची टोळीच झाली. श्रीमंत रोमनांच्या दगडी शवपेट्यांवर ही टोळी कुठे माळा धरून उभी असते, कुठे द्राक्षं तोडत असते. म्हणजे प्रेमाचा देव मयताच्या पेटीवरही चालायचा, तिथे कोणी ग्रुपवर आक्षेप घेतला नाही.

मधली कित्येक शतकं त्यांना फारसं कोणी विचारलं नाही. पंधराव्या शतकात इटलीत फ्लॉरेन्समध्ये दोनातेल्लो या शिल्पकारानं त्यांना परत आणलं. तिथल्या कॅथीड्रलसाठी १४३३ ते १४३९ या काळात त्यानं गायकांच्या सज्जावर संगमरवरात जी पोरं कोरली ती एकमेकांच्या अंगावरून उड्या मारत नाचतायत. एवढी की खांबांच्या मागूनही त्यांचा धिंगाणा दिसतो. तिथून पुढे मेरीच्या पायाशी, ढगांत, छताच्या कोपऱ्यात, जागा रिकामी दिसली की चित्रकार एक पोर बसवून द्यायचे.

यांतली सगळ्यांत प्रसिद्ध जोडी तुम्ही हजारदा पाहिली आहे. हनुवटी हातावर टेकून कंटाळल्यासारखे वर बघणारे दोघे. कॉफीचे मग, उशा, ग्रीटिंग, सगळीकडे असतात. ते इटालियन चित्रकार राफाएलच्या 'सिस्टिन मॅडोना' या चित्राच्या अगदी तळाशी आहेत. पोप दुसरा ज्युलियस यानं १५१२ मध्ये हे चित्र पिआचेंझाच्या एका चर्चसाठी सांगितलं, १७५४ मध्ये ते जर्मनीत ड्रेस्डेनला गेलं. अख्खं चित्र साडेआठ फुटांहून उंच आहे, मधोमध मेरी येशूला घेऊन ढगांवरून चालत येते. आणि लोकांनी उचललं काय, तर खालचे दोन कंटाळलेले पोट्टे. १९९५ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानंही प्रेमाच्या तिकिटांवर त्यांनाच छापलं.

यवतमाळची_लेक

मी ख्रिस्ती, जन्म यवतमाळचा. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला गेली, त्याआधी ती आमच्या यवतमाळातच होती. वडिलांची तिथल्या लोकांत ऊठबस, त्यामुळे असल्या गोष्टी आम्ही जेवता जेवता ऐकल्या.

आधी त्या ग्रुपवरच्या दादांना माझ्याकडून नमस्कार सांगा आणि म्हणावं, आपल्या भागातल्या कुठल्याही जुन्या मिशनच्या चर्चमध्ये जाऊन असं एक बाळ शोधून दाखवा. भिंतीवर क्रूस, रंगवलेलं एक वचन, बाकं, पंखे. संपलं. पाठीला लावायचे पंख आमच्याकडे फक्त नाताळच्या नाटकात निघतात. तारेवर नेटचं कापड शिवलेले असतात आणि दरवर्षी ऐन वेळी एकाचा टाका उसवतो.

आता चेरब. मराठी बायबलमध्ये त्याला 'करूब' म्हटलंय. तो पहिल्यांदा येतो 'उत्पत्ती' या बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, तिसऱ्या अध्यायात. आदाम-हव्वेला एदेन बागेतून बाहेर काढल्यावर जीवनाच्या झाडाकडे जाणारी वाट राखायला देव पूर्वेला करूब आणि गरगर फिरणारी अग्नीची तलवार ठेवतो. म्हणजे काम राखणीचं. राखणीला कोणी रांगतं लेकरू ठेवत नाही.

मग 'निर्गम' या पुढच्या पुस्तकात कराराच्या कोशाच्या, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवायच्या पेटीच्या झाकणावर सोन्याचे दोन करूब, समोरासमोर, पंख पसरलेले. शलमोन राजाच्या मंदिरात आतल्या गाभाऱ्यात जैतुनाच्या लाकडाचे दोन, सोन्यानं मढवलेले, दहा हात उंच, एकेक पंख पाच हातांचा. दोघे शेजारी उभे राहिले की पंखांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गाभारा भरून जायचा. अठराव्या स्तोत्रात तर देव करूबावर बसून उडतो.

सगळ्यांत थरारक वर्णन यहेज्केल संदेष्ट्याचं. चार जिवंत प्राणी, प्रत्येकाला चार तोंडं : माणूस, सिंह, बैल, गरुड. चार पंख, पाय सरळ आणि खूर वासराचे, शेजारी चाकांत चाकं. दहाव्या अध्यायात तो सांगतो की हेच करूब, आणि तिथे त्यांचं अंग, पाठ, हात, पंख, चाकं, सगळं डोळ्यांनी भरलेलं आहे. लहानपणी हे वाचल्यावर मला रात्री मोरीत एकटं जायची भीती वाटायची.

सराफीम हे आणखी वेगळे स्वर्गदूत, यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात सहाव्या अध्यायात येतात, त्यांना सहा पंख. पुढे इसवी सन ५००च्या आसपास दियोनिसियस या नावानं लिहिणाऱ्या एका लेखकानं स्वर्गदूतांच्या नऊ पायऱ्या लावल्या. त्यात सराफीम पहिले, करूब दुसरे.

वांग्याचं_भरीत

ताई, चार तोंडं अन् अंगभर डोये? गेटवर ते बसवलं तं वऱ्हाड मांडवातून परत जाईन. आहेरही परत नेईन.

कापूसकोंड्या

सराफीम पहिल्या नंबरवर हायेत, त्याचं काई नवल नाई. लग्नाच्या खर्चात आमच्याकडेही सराफच पहिला.

अस्सल_वऱ्हाडी

चार तोंडं म्हणजे सरळ सरळ ब्रह्मदेव. आणि देव ज्यावर बसून उडतो ते म्हणजे गरुड. सगळं आपल्याकडूनच गेलेलं आहे.

यवतमाळची_लेक

दादा, चार तोंडांवर गाडी थांबवू नका ना. ब्रह्मदेवाची चारही तोंडं माणसाची आणि तो स्वतः देव. करूब देव नाही, त्याची पूजाही नाही. आणि शेजारच्या इराकमध्ये त्याचे सख्खे भाऊ उभे असताना एवढ्या लांब यायचं कारण नाही.

गाविलगड_भटक्या

ताईंनी भावांचा विषय काढलाच आहे तर मी पुढे नेतो. उत्तर इराकमध्ये खोर्साबाद इथे असिरियाचा राजा दुसरा सार्गोन यानं इ.स.पू. आठव्या शतकात राजधानी बांधली. तिच्या दरवाजांना दोन्ही बाजूंनी पंखवाले बैल होते. धड बैलाचं, पंख गरुडाचे, डोकं दाढीवाल्या माणसाचं, वर मुकुट. त्यांना लामासू म्हणतात. काही आज पॅरिसला लूव्रमध्ये आहेत, काही लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये. उंची तेरा फुटांच्या वर.

माझी आवडती गोष्ट म्हणजे त्यांचे पाय. चार नाहीत, पाच आहेत. समोरून पाहिलं तर पुढचे दोन पाय जोडून बैल खडा उभा. बाजूला जाऊन पाहिलं तर चार पाय टाकत चालतोय. दरवाजातून आत शिरणाऱ्याला आधी 'थांब' म्हणतो आणि पुढे गेल्यावर सोबत चालू लागतो. ज्या पाथरवटाला हे सुचलं त्याच्या पाया पडावंसं वाटतं.

यहेज्केल हा बाबिलोनच्या मुलखात नेलेल्या बंदिवानांतला होता. माणूस, सिंह, बैल, गरुड हे मिश्रण त्या भागात दरवाजा-दरवाजाला होतं. करूब आणि लामासू एकच असं कोणी म्हणू नये, पण घराणं एक आहे.

आपल्याकडचं पाहायचं असेल तर चिखलदऱ्याला जाऊन नुसता मका खाऊन परत येऊ नका, गाविलगडाच्या शार्दूल दरवाजापर्यंत जा. वर दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी आणि सिंहासारखा शार्दूल कोरलेत. बेरारच्या इमादशाहीचा दिमाख. काम तेच : दारावर असं जनावर ठेवायचं जे जंगलात भेटत नाही.

म्हणून मी म्हणतो, तुमच्या काकांनी नकळत बरोबर जागा निवडली. गेटवर ठेवले म्हणजे मूळ कामावर ठेवले.

मोहफूल

भटक्या, वाक्य छान आहे पण पटत नाही. गेटवर जे आहेत ते करूब नाहीत, पुत्ती आहेत. त्यांच्या खानदानात राखण कोणी केलेली नाही. द्राक्षं तोडणाऱ्यांना वॉचमनची ड्युटी कशाला देता?

गाविलगड_भटक्या

मग त्यांना चेरब म्हणायला कोणी सांगितलं होतं युरोपला? नाव घेतलं की ड्युटीपण घ्यायची.

मोहफूल

नाव चिकटलं ते असं : मध्ययुगातल्या चित्रांत करूब आणि सराफीम ओळखू यावेत म्हणून रंग ठरले होते. सराफीम लाल, करूब निळे. काही वेळा नुसतं डोकं आणि त्याला पंख, धड नाहीच. फ्रान्सच्या जाँ फुके यानं १४५०च्या सुमारास मेरीभोवती अशी अख्खी लाल आणि निळी बाळं काढली आहेत. चित्र आज अँटवर्पला आहे, बघाच, आजही अंगावर येतं. म्हणजे नाव बायबलचं, शरीर रोमन क्युपिडचं. एकदा हे लग्न लागल्यावर पुढे कोणी वेगळं करायच्या भानगडीत पडलं नाही.

वांग्याचं_भरीत

म्हणजे चड्डीचा रंग ठरला. निळा. ग्रामसभा रद्द.

फायबर_भाऊ

राम राम. मी या धंद्यात हाय. नागपूर सोडून आता अमरावती रोडले वर्कशॉप हाय, म्हणून बोलतो.

तुमी लोकं चारशे-पाचशे वर्षं मागं जाऊन रायले. आमच्याकडं गिऱ्हाईक येते, कॅटलॉगवर बोट ठेवते अन् म्हनते, "ते परीचं लेकरू द्या." कोनी 'एंजल' म्हनते. पुत्तो-बित्तो कोनी म्हनलं नाई. एक साचा असते, त्याले आतून वॅक्स लावाचं, मंग जेलकोट, त्याच्यावर काचेची मॅट अन् रेझिन, दोन-तीन थर. वाळलं की दोन अर्धे जोडाचे, सांधा घासाचा, पुट्टी भराची, मंग ड्युकोचा पांढरा. पंख येगळे काढाचे अन् मागून नट-बोल्टनं कसाचे. पंख अंगासंगं काढले तं टेम्पोत पयल्याच गड्ड्यात तुटते.

एका खेपेले लई पंख तुटले. फेकाचे कसे? पाठीची भोकं पुट्टीनं बुजवली, डोक्यावर मोरपीस लावलं, हातात लोन्याचं मडकं देल्लं अन् जन्माष्टमीले बायक्रिष्न म्हनून सारे गेले. एकानंही वापस आनला नाई. आता सांगा, तो कोनत्या धर्माचा?

कापूसकोंड्या

भाऊ, धागा इथंच बंद करा. याच्या वर कोनी जाऊ शकत नाई.

वर्ध्याची_आत्या

फायबर भाऊंचा प्रतिसाद यांना वाचून दाखवला, चहा सांडला.

त्या आजींना माझा पाठिंबा, थंडीबद्दल. बाकी उघड्या अंगावर हरकत घेणाऱ्यांनी आपल्या देवघरातला रांगता बाळकृष्ण एकदा उचलून बघावा. त्याला आपणच हौसेनं झबलं शिवतो, ते काढलं की तोही तसाच.

बाळापूरकर

अस्सलाम आलेकुम आणि नमस्कार. बाळापूर, जिल्हा अकोला.

हा करूब आमच्याकडेही आहे. इस्लामी परंपरेत अल्लाहच्या अगदी निकट असणाऱ्या फरिश्त्यांना 'करूबी' म्हणतात आणि उर्दू शायरीत ते 'कर्रोबियाँ' म्हणून येतात. बहुतेक वेळा माणसाशी तुलना करायला, की बंदगी करायला हे होतेच, तरी माणूस कशासाठी घडवला. मुशायऱ्यात यावर दाद देणाऱ्या निम्म्या लोकांना तो शब्द करूबांचा आहे हे ठाऊक नसतं. मशिदीत अर्थातच कसलंही चित्र नाही, करूबाचंही नाही.

पण मोहफूल साहेबांनी एक मुक्काम सोडला : मुघल. १५८० मध्ये जेझुइट पाद्री अकबराच्या दरबारात फतेहपूर सिक्रीला आले, सोबत छापील बायबल आणि युरोपची चित्रं घेऊन. दरबारी चित्रकारांनी त्यातली पंखवाली पोरं लगेच उचलली. जहांगीरचं एक प्रसिद्ध चित्र आहे, बिचित्र नावाच्या चित्रकाराचं, साधारण १६१५ ते १६१८ मधलं, आता वॉशिंग्टनला. बादशहा मोठ्या वाळूच्या घड्याळावर बसलाय आणि समोरच्या सूफी बुजुर्गाला किताब देतोय. तुर्की सुलतान आणि इंग्लंडचा राजा जेम्स बाजूला रांगेत उभे, आणि सर्वांत खाली कोपऱ्यात बिचित्र स्वतः. आता पोरं बघा. वरच्या दोन कोपऱ्यांत दोन, त्यातल्या एकानं तोंड हातांनी झाकून घेतलंय. खाली आणखी दोघे घड्याळाच्या काचेवर बादशहाला हजार वर्षं राज्य लाभो असं लिहितायत. वाळू मात्र खाली पडतेच आहे.

म्हणजे सोयाबीनवाला भाऊ, हिंदुस्थानात हे पोट्टे चारशे वर्षांपूर्वीच येऊन गेले. तुमच्या काकांनी पहिल्यांदा आणले नाहीत.

सोयाबीनवाला

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सर्वांना धन्यवाद.

मोहफूल यांच्या प्रतिसादानंतर लॉनवर जाऊन सगळे सहा पाहून आलो. धनुष्य-बाण कोणाकडेच नाही. गेटवरचे दोघे मिळून फुलांची माळ धरतात, माळ कमानीवर लोंबते. कारंज्यावरच्या चौघांनी प्रत्येकी एक मासा कवटाळलाय, पाणी माशाच्या तोंडातून येतं. मासा कोणता यावर दोन मत आहेत, काका मरळ म्हणतात, गडी म्हणतो वाम.

मोहफूल

धनुष्य नाही म्हणजे कामदेव-पार्टी बाद. तसाही कामदेव लेकरू नव्हेच. उसाचं धनुष्य, फुलांचे पाच बाण, पोपट वाहन, शेजारी रती. पूर्ण वयात आलेला गडी. आणि धनुष्य असलं तरी खात्री नसते. लंडनच्या पिकॅडिली चौकात १८९३ मध्ये उभारलेला अ‍ॅल्युमिनियमचा पंखवाला धनुर्धर सगळं जग 'इरॉस' म्हणून ओळखतं. घडवणाऱ्या आल्फ्रेड गिल्बर्टच्या मते तो त्याचा भाऊ अँटेरॉस होता, प्रेमाची परतफेड करणाऱ्या प्रेमाचा देव. पुतळ्यालाही आडनावबंधूचा त्रास.

मासा मरळही नाही, वामही नाही. डॉल्फिन आहे. फ्लॉरेन्सचा व्हेरोक्यो, म्हणजे लिओनार्दोचा गुरू, यानं १४७०च्या सुमारास मेदिची घराण्याच्या बागेतल्या कारंज्यासाठी ब्राँझचा एक पोर केला. एका पायावर तोल सांभाळतोय, काखेत डॉल्फिन दाबलाय, तो सुळकन निसटेल असं वाटतं. जगभरच्या कारंज्यांवरचे मासेवाले पोट्टे त्याचीच पिल्लावळ. तुमच्या काकांनी मेदिचींचं कारंजं दारव्ह्यात आणलं, त्यांना सांगा, खूश होतील.

वत्सगुल्म

वाशीमवरून. नावावरून कळलंच असेल.

मला गेटवरच्या माळेत रस आहे. माळ धरलेली पोरं भारतीय उपखंडात मुघलांच्या कितीतरी आधी आली. पेशावरजवळ शाहजी की ढेरी इथे १९०८-०९ च्या उत्खननात कुषाण राजा कनिष्काच्या नावाचा धातूचा करंडक सापडला. दुसऱ्या शतकातला. झाकणावर बुद्ध, आणि खाली करंडकाच्या अंगावरून एक जाड लांब माळ नागमोडी गेलीय, ती खांद्यावर वाहणारी छोटी पोरं आहेत. बौद्ध वस्तूवर रोमन वळणाची पोरं. गांधार शिल्पात असले पट्टे भरपूर. खाली अमरावतीला (आंध्रातली, आपली नव्हे) स्तूपाच्या कठड्यावरही माळ वाहणारे आहेत, पण तिथपर्यंत पोचता पोचता ती बुटकी यक्षमंडळी झाली.

अस्सल_वऱ्हाडी

बघा, मी काय म्हणत होतो. म्हणजे आपलेच. त्यांनी नेले.

वत्सगुल्म

नाही हो भाऊ. माळेचा हा नमुना पश्चिमेकडून आला, त्यात कमीपणा काय? पऱ्हाटीची आजची बहुतेक वाणंही बाहेरचीच, म्हणून आपण ती उपटून टाकत नाही.

आपलं स्वतःचं बघायचंय तर ते वेगळं आहे, आणि मला विचाराल तर जास्त गमतीचं आहे. अजिंठ्याचं सोळा नंबरचं लेणं वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव यानं कोरवलं. हे वाकाटक आमच्या वाशीमचे, तेव्हाचं वत्सगुल्म. त्या लेण्याच्या पुढच्या पडवीचं छत लाकडी तुळयांसारखं कोरलंय, आणि प्रत्येक तुळईच्या टोकाखाली कीचक, वादक, उडती जोडपी. कीचक म्हणजे ढेरपोटे, आखूड पायांचे, वर हात करून भार पेलणारे. जुन्या दगडी देवळांच्या खांबांवर तुम्ही पाहिले असतील, डोळे वटारलेले, गाल फुगलेले. रामटेकजवळ मनसरला सापडलेली शिवाची बुटकी, गुबगुबीत मूर्तीही वाकाटकांचीच, आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात.

फरक दोन. एक, आपल्या गुबगुबीतांना काम आहे, छत त्यांच्या डोक्यावर आहे. युरोपचे पोट्टे ढगावर रेलून बसलेत. दोन, आपल्या उडणाऱ्यांना पंख लागत नाहीत. अजिंठ्याचे गंधर्व-विद्याधर बघा : गुडघा मागे दुमडलेला, उपरणं आणि गळ्यातले मोत्यांचे सर वाऱ्यानं मागे गेलेले. तेवढ्यात माणूस उडतो. मला तरी पाठीला पंख चिकटवण्यापेक्षा हे अवघड आणि सुंदर वाटतं.

फायबर_भाऊ

साहेब, ते उपरनं हवेत उडतं दाखवाचं म्हनलं तं साचा तीन तुकड्यायचा होते. पंख परवडते.

पुणेरी_पाहुणा

धागा उत्तम. फक्त शीर्षकातील 'पोट्टे' हा शब्द खटकला. 'बालके' चालले असते.

वांग्याचं_भरीत

पाहुणे आले, पाणी द्या रे पोट्टेहो.

यवतमाळची_लेक

एक राहिलं होतं. ग्रुपवर कोणी विचारलं की मग ख्रिस्ती लोकांना हे बाळरूप चालतं का, तर : रोमन कॅथलिक चर्चमध्ये, विशेषतः गोव्याकडच्या जुन्या वेद्यांवर, लाकडात कोरलेली पंखवाली डोकी भरपूर दिसतात. आम्ही प्रोटेस्टंट मूर्तीच्या वाटेला जात नाही. आणि 'मेलेली लहान लेकरं करूब होतात' असं जे नाटक-सिनेमातून ऐकू येतं ते बायबलमध्ये कुठेही नाही. करूब घडवलेले आहेत, माणूस मेल्यावर त्यांच्यात जात नाही. हे एकदा नीट सांगावंसं वाटलं, कारण मूल गेलेल्या घरात लोक हे सांत्वन म्हणून बोलतात आणि ऐकणाऱ्या आईला त्याचं काय करावं ते कळत नाही.

वर्ध्याची_आत्या

खरं आहे लेकी. त्या वेळी गप्प बसणारी माणसंच बरी वाटतात.

बरं सोयाबीनवाला, मूळ प्रश्न राहून गेला, लग्नाच्या जागी हरकत आहे का. अजिबात नाही. कुठल्याच धर्माचा देव नाही, म्हणजे पूजा नको, विटाळ नको, सोवळं-ओवळं नको. दारात हसरी लेकरं, कोणाच्या पोटात का दुखावं? पण हिशोब बघा. दोन गेटवर, चार कारंज्यावर, झाले सहा. नवरीला आशीर्वाद काय देतो आपण? अष्टपुत्रा सौभाग्यवती भव. काकांना म्हणावं अजून दोन आणा.

कापूसकोंड्या

आत्या जिंकल्या.

सोयाबीनवाला

आत्याबाईंचा प्रतिसाद तसाच्या तसा ग्रुपवर टाकला. त्याआधी यवतमाळच्या ताईंचं आणि मोहफूल यांचं थोडक्यात लिहिलं होतं, ते कोणी वाचलं असं दिसत नाही. अष्टपुत्रावर मात्र बायकांच्या बदाबदा स्मायली पडल्या आणि चर्चवाले दादा म्हणाले, "हरकत नाही, पण मग स्टेजवर गणपतीची मूर्ती मोठी पाहिजे." ती आधीपासूनच मोठी आहे. आजी अजून चड्डीवर ठाम आहेत.

काकांना डॉल्फिनचं सांगितलं. म्हणाले, "डॉल्फिन असो का काई असो, मोटर दोन एचपीचीच लागते."

फायबर भाऊ, काका खरंच अजून दोन घ्यायचं म्हणतायत, स्टेजच्या दोन बाजूंना. एक अडचण आहे. गेटवरचे दोघे दिवसभर उन्हात असतात. आपल्याकडच्या मे महिन्यात रंग टिकेल का?

फायबर_भाऊ

साधा ड्युको असंन तं दोन उन्हाळ्यात पिवळा पडते अन् नाकावरून सोलते. आत्ताच पीयूचा क्लिअर कोट मारून घ्या, यूव्हीवाला मांगजा. पंखावरचं सोनेरी असंन तं त्याच्यावरही मारा, नाईतर ते आधी कायं पडते. बोल्टायले दरसाल ग्रीस लावजा. आन फुलायची माय (माळ) धरली हाय म्हनता ना, तिचं वजन पोट्ट्यायच्या हातावर नोका देऊ, मागून तार काढून कमानीले बांधा, वादयात हात मोडते. दोन नगाचा भाव खाजगी निरोपात (व्यनि) धाडतो, इथं लिहिला तं बाकीचे गिऱ्हाईक भांडते.